दंतकालनिर्णय

मनुष्य सरकारी सेवेतून निवृत्त होतो, परंतु त्याच्या अंगी भिनलेला अंमल काही निवृत्त होत नाही, या सिद्धान्ताचा सजीव पुरावा ज्यास पाहावयाचा असेल, त्याने जानेवारीच्या धुक्यात पहाटे सहा वाजता पटपडगंजच्या आमच्या सहकारी गृहसंस्थेत यावे. गच्चीवरच्या टाकीतले बर्फासारखे पाणी ओठांना लावण्यास सारी दिल्ली नाखूष असताना, कानटोपी घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे एकटक पाहत, मोजून दोन मिनिटे दात घासणारे जे मराठी गृहस्थ गॅलरीत उभे दिसतील, ते आमचे रावसाहेब होत.

रावसाहेबांची हयात उद्योग भवनात नस्त्यांवर टिप्पणी लिहिण्यात गेली. अवर सचिवाची खुर्ची सुटली त्या दिवशी हाताखालचे शिपाई-कारकूनही सुटले, आणि ज्यांवर हुकूम चालावा असे या पृथ्वीतलावर स्वतःचे बत्तीस दात तेवढे उरले. त्यांतलेही चार कायमच्या रजेवर गेलेले. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दातांपर्यंत त्यांनी आपले कार्यक्षेत्र वाढविले, यात नवल ते काय!

दात घासावे कसे, हा प्रश्न त्यांच्या मते कनिष्ठ लिपिकाचा; खरा प्रश्न ‘केव्हा’ हा. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात एकदा एका सनातनी वृद्धाने प्रतिपदा, षष्ठी, नवमी व अमावास्या या तिथींस दंतकाष्ठ निषिद्ध असून बारा चुळांनी भागते, असा धर्मशास्त्राचा दाखला काढला. रावसाहेब शांतपणे म्हणाले, “चरकाने दोन वेळा घासायला सांगितले आहे. मूळ हुकूम कायम असता मागाहून आलेली सवलत मी ग्राह्य धरीत नाही.”

या दोन वेळांपैकी रात्रीची वेळ त्यांना विशेष प्रिय. झोपेत लाळेचा पहारा ढिला पडतो आणि दातांच्या फटींत राहिलेल्या साखरेवर जंतू रात्रभर आम्लाचा कारखाना चालवितात, हे ते अशा गांभीर्याने सांगतात, की त्या कारखान्याचा परवाना जणू त्यांच्याच टेबलावर अडकून पडला आहे. रात्रीचा ब्रश झाल्यावर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाणे नाही. फ्लोराइड टिकावे म्हणून खळखळून चूळ भरणेही नाही, नुसते थुंकायचे. गणेशोत्सवात शेजारणीने रात्री साडेदहाला आणलेला मोदक त्यांनी भक्तिभावाने मस्तकी लावला, ‘सकाळी विचारार्थ’ असे म्हणून ताटलीखाली झाकला, आणि सकाळी पाहतात तो मुंग्यांनी त्यावर अंतिम निर्णय घेतलेला होता.

अशा या करड्या अमलाला त्यांच्याच घरात सुरुंग लागला. आंबट खाल्ल्यावर दातांचे वरचे कवच काही काळ मऊ पडते. तेव्हाच ब्रश फिरविला तर ते झिजते, म्हणून निदान अर्धा तास थांबावे, हे परंतुक रावसाहेबांनी मोठ्या अभिमानाने सात वर्षांच्या नातवाला समजावून दिले होते. नातवाने ते नीट ऐकून घेतले. त्या दिवसापासून रात्री नऊ वाजता ‘दात घास’ असा आजीचा पुकारा झाला, की चिरंजीव स्वयंपाकघरातून एक किन्नू सोलीत येतात आणि अदबीने अर्ज करतात, “आबा, मी आत्ताच आंबट खाल्लंय. अर्धा तास थांबायला हवं ना?”

आबांना थांबावेच लागते, नियम त्यांचाच. साडेनवाच्या ठोक्याला ते ब्रश घेऊन हजर होतात, तेव्हा अर्जदार गाढ झोपलेला असतो, आणि कारखान्याची रात्रपाळी सुरू झालेली असते.

परवा आजींनी याबद्दल जाब विचारला, तेव्हा रावसाहेब संतापतील असे वाटले होते. पण झोपलेल्या नातवाच्या अंगावरची रजई सारखी करीत ते सद्गदित स्वरात म्हणाले, “राहू दे गं. नियम न मोडता काम कसं टाळावं, हे समजायला मला पंधरा वर्षं नोकरी करावी लागली होती.”