उणे एक, बाकी शून्य

इयत्ता पाचवीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात रोमन संख्याचिन्हे आणि विभाजक हे दोन घटक एकाच मुखपृष्ठाखाली नांदत असले, तरी त्यांचा परस्परांशी घरोबा नाही, याची प्रचिती शहापूर-मुरबाडच्या शाळांतील विद्यार्थ्यांना रोमन संख्येचे विभाजक काढण्याचा जोडप्रश्न पुढ्यात आला म्हणजे येते. रोमन पद्धतीत संख्या अक्षरांनी लिहिली जाते: आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. लहान चिन्ह मोठ्याच्या उजवीकडे बसले तर त्याची बेरीज होते व डावीकडे बसले तर वजाबाकी. पंगतीत पान कोठे मांडले यावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाला हा नियम वेगळा शिकवण्याचे वास्तविक कारण नाही.

शिवाय वजाबाकीने संख्या सांगण्याची रीत मराठी जिभेवर पूर्वापार आहे. ‘एकोणीस’ हा शब्द ‘एकोनविंशति’पासून, म्हणजे एकाने उणे वीस या अर्थाने आला असून लॅटिन भाषेतही १९ला ‘उन्देविगिन्ती’, म्हणजे विसातून एक कमी, असेच म्हणत. त्यामुळे आठवडा बाजारात पैसे मोजून घेणारी भाजीवाली आणि ज्युलियस सीझर यांचे निदान एकोणिसाविषयी तरी एकमत आहे. रोमन चिन्हे आणि मराठी जीभ यांची हिंमत मात्र ९९पाशी सारखीच खचते. आय हे चिन्ह केवळ व्ही आणि एक्स यांच्याच आधी बसू शकत असल्यामुळे ९९ हे ‘एक्स सी आय एक्स’, म्हणजे नव्वद आणि नऊ, असे लिहावे लागते. आणि ‘एकोणनव्वद’ बिनदिक्कत म्हणणारा मराठी माणूसही ‘एकोणशंभर’ न म्हणता मुकाट्याने ‘नव्व्याण्णव’ म्हणतो.

विभाजकाची गोष्ट वेगळी आहे. ज्या संख्येने भाग दिला असता बाकी शून्य उरते ती विभाजक, अशी त्याची व्याख्या असून जांभळांचे सारखे वाटे मांडणाऱ्या विक्रेत्याला ती पाठ नसली तरी अवगत असते. बाकी उरलीच तर ती शेजारी बसलेल्या पोराच्या तोंडात जाते आणि भागाकार निःशेष होतो.

दोन्ही घटकांची एकत्र परीक्षा घेण्यास शहापूर तालुक्यातील तानसा धरण सोयीचे आहे. ते पूर्ण झाले ते १८९२ हे वर्ष रोमन चिन्हांत ‘एम डी सी सी सी एक्स सी आय आय’ असे नऊ अक्षरे व्यापते, आणि त्या नऊ अक्षरांकडे कितीही वेळ पाहिले तरी विभाजक दिसत नाहीत, कारण तेथे एकक-दशकाची स्थाने नाहीत. तेच वर्ष अंकांत लिहिताच शेवटच्या ९२ला ४ने भाग जातो हे कळते, तर एकाआड एक अंकांच्या बेरजा, म्हणजे १ + ९ आणि ८ + २, सारख्या आल्याने ११नेही भाग जातो हे सिद्ध होते. ४ × ११ × ४३ अशी फोड होऊन एकूण बारा विभाजक हाती लागतात. धरणाच्या पाण्याला मात्र मुंबई हा एकच विभाजक पुरला असून, ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या शहापूरकराला कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना समजते.

येथेच रोमन पद्धतीची खरी उणीव उघड होते. तिच्यात शून्यासाठी चिन्ह नसल्यामुळे ‘बाकी शून्य’ ही विभाजकाची अटच त्या चिन्हांत लिहिता येत नाही. शहापूर तालुक्यातील वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही रेल्वेस्थानके रोमन चिन्हांनी खुशाल मोजावीत. मुरबाड तालुक्यातील रेल्वेस्थानकांची संख्या लिहिण्यासाठी मात्र आजही भारतीय अंकच लागतो.