बोटं पाहिजेत

बेळगावच्या उद्यमबागेत एके काळी कारखान्याच्या फाटकावर खडूनं दोनच शब्द असायचे: ‘टर्नर पाहिजे’. आलेल्या गड्याला लेथवर उभं करायचं, तुकडा कापून घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा. झाली मुलाखत. आता पाटी छापील. ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे. प्रोग्रॅमिंग, एक्सेल, इंग्रजी ईमेल आवश्यक. फ्रेशर चालेल.’ आणि पगार? ‘समक्ष बोलू.’

पूर्वी मालकांना कामगाराची बोटं पुरायची, डोकं घरी ठेवून आला तरी तक्रार नसे. आता डोकंही पाहिजे, पण दर अजून बोटांचाच.

आपण 1956 पासून भांडतोय, पाटी कन्नड की मराठी. जुलै 2024 मध्ये बेंगळुरूच्या मंत्रिमंडळानं ठरवलं, खासगी नोकऱ्यांत व्यवस्थापनाच्या 50 आणि बाकीच्या 70 टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक ठरायला शाळेत कन्नड घेतलेलं हवं, नाहीतर परीक्षा द्या. उद्योगवाले ओरडले आणि विधेयक लगेच बासनात गेलं. मशीन बिचारी दोन्हीकडची नाही, तिला जी-कोड कळतो. ‘एम30’ दिसलं की प्रोग्रॅम संपला. सीमावाद मिटवायला नेमलेल्या महाजन आयोगाला हे जमलं असतं तर!

निपाणीत तर बोटांचाच धंदा. तेंदूचं पान मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. मजुरी हजारावर, चेकरनं नाक मुरडलं की छाट. अशा हजारो विड्या वळता वळता बोटांच्या रेषाच झिजतात. मग आधारच्या मशीनवर अंगठा ठेवला की उत्तर येतं, ‘पुन्हा प्रयत्न करा’. जन्मभर बोटांवर पोट भरलेल्या बाईला आधी बोट असल्याचा पुरावा द्यावा लागतो. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी जिथं महामार्ग रोखून धरला, ती निपाणी आता ओटीपी येईपर्यंत गप्प बसते.

सरकारनं त्यावर तोड काढली. 1 ऑगस्ट 2025 पासून भविष्य निर्वाह निधीचा नवा खाते क्रमांक (यूएएन) काढायचा तर ‘उमंग’ अ‍ॅपला तोंड दाखवायचं. म्हणजे विडी वळायला स्मार्टफोन लागत नाही, विडी वळते हे सांगायला लागतो. शिवाय रेंज, उजेड, आणि फोन धरायला शाळेतली लेक.

‘आई, हलू नको. आता डोळे मिटून उघड.’

‘उघडते की. हजाराला किती देणारेत?’