भाऊंना एकदा संधी द्या

२०२५च्या नगरपरिषद निवडणुकीच्या दिवसांत आमच्या गावात कुठल्याही चौकात उभे राहा, भाऊ तुमच्याकडे बघून हात जोडतात. एका चौकात पांढरा सदरा, दुसऱ्यात जाकीट, तिसऱ्यात फेटा. फ्लेक्सच्या वरच्या अंगाला लिहिलेलं असतं, ‘गेली पंचवीस वर्षे अखंड जनसेवेत’, आणि खालच्या अंगाला, ‘भाऊंना एकदा संधी द्या’. वरचं खरं मानलं तर खालचं कशाला मागायचं, अशी शंका आम्ही चहाच्या टपरीवर काढून पाहिली. टपरीवाल्याने कप आपटला. त्याच्या सासूला तालुक्याच्या दवाखान्यात खाट भाऊंनीच मिळवून दिली होती.

भाऊंची समाजसेवा खोटी आहे असं त्यांचा हाडवैरीही म्हणणार नाही. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, भाऊ हजर. पहाटे चार वाजता फोन केला तरी दुसऱ्या रिंगला उचलतात. रेशनकार्डावर नाव चढवायचं, रहिवासी दाखला काढायचा, मुलाला शाळेत घालायचं, पोलीस ठाण्यातून पुतण्याला सोडवून आणायचं, या सगळ्यावर भाऊंचं लेटरहेड चालतं. वाढदिवसाला रक्तदान शिबिर, जूनमध्ये वह्यावाटप, श्रावणात महिलांची देवदर्शनाची बस, नवरात्रात खेळ पैठणीचा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे भाऊंचा टँकर. निळा रंग, पाठीवर भाऊंचा फोटो, खाली ‘जनतेच्या सेवेसाठी’. हा टँकर गल्लीत शिरला की भांड्यांची रांग आधी लागते, माणसं मागून येतात.

अशा माणसाला नगराध्यक्षपद इतकी वर्षं का मिळालं नाही? त्याला कारण भाऊ नाहीत, मुंबई आहे. २००१ साली सरकारने ठरवलं की नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा. भाऊ तेव्हा पहिल्यांदाच नगरसेवक होत होते, पक्ष म्हणाला, तुझं वय काय, थांब. भाऊ थांबले आणि जनतेची मनं जिंकू लागले. मनं जिंकून होतात न होतात तोच २००६ साली नियम फिरला. आता नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडायचा, तोही अडीच वर्षांसाठी. जनतेची मनं वह्यावाटपात जिंकता येतात, नगरसेवकांची मनं जिंकायला त्यांना गाड्या भरून थंड हवेच्या ठिकाणी न्यावं लागतं आणि मतदानाच्या सकाळीच परत आणावं लागतं. भाऊंनी तीही विद्या शिकून घेतली, तर आरक्षणाची सोडत निघाली महिलेसाठी. भाऊंनी घरी विचारून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, ‘तुमचा टँकर तुम्ही सांभाळा, मला माझी भिशी आहे.’ पुढच्या सोडतींनीही भाऊंना हुलकावणीच दिली.

२०१६ साली फडणवीस सरकारने पुन्हा थेट निवडणूक आणली, पण पद राखीव निघालं. २०२० साली ठाकरे सरकारने ती मोडून पुन्हा नगरसेवकांच्या हाती दिली. २०२२ साली शिंदे सरकार आलं आणि नगराध्यक्ष पुन्हा जनतेतून. दर वेळी कारण एकच सांगितलं गेलं, लोकशाही बळकट करणे. या बळकटीकरणात भाऊंचे गुडघे गेले. कधी जनतेपुढे वाकायचं, कधी नगरसेवकांपुढे, हे ठरेपर्यंत कंबर धरायची.

बरं, नियम ठरला तर निवडणूकच होईना. २०२१-२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचं घोंगडं सर्वोच्च न्यायालयात भिजत पडलं. सगळीकडे प्रशासक बसले. भाऊंच्या फ्लेक्सवर ‘माजी’ हा शब्द तेव्हापासून आहे, पण तो वाचायला भाऊंच्याच शिबिरात मिळालेला चष्मा लावावा लागतो. विशेष म्हणजे जवळजवळ चार वर्षं गावात एकही नगरसेवक नव्हता आणि गावाला त्याचा पत्ता लागला नाही. गटार तेव्हाही तुंबत होतं, आताही तुंबतं. अखेर २०२५च्या मे महिन्यात न्यायालयाने कान उपटले, ६ ऑक्टोबरला मंत्रालयात नगराध्यक्षपदांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि आमच्या गावाच्या नावापुढे आलं, सर्वसाधारण. त्या संध्याकाळी गावात दिवाळीआधीच फटाके वाजले. भाऊ देवळात गेले आणि पहिल्यांदा फोटोग्राफर न घेता गेले, असं पुजारी सांगतो.

मतदान ठरलं २ डिसेंबरला. भाऊ उमेदवार आहेत आणि गावापुढे एक अडचण उभी आहे, जिचा उच्चार कुणी करत नाही. भाऊंची सगळी पुण्याई टँकरवर उभी आहे. टँकर कशावर उभा आहे? नळाला पाणी नसण्यावर. आणि नळाला पाणी आणण्याचं काम कुणाचं? नगरपरिषदेचं. त्या नगरपरिषदेत भाऊ चार निवडणुकांतून निवडून आले, दोनदा तर पाणीपुरवठा सभापती होते. म्हणजे सभापती या नात्याने भाऊ सकाळी सभागृहात सांगायचे की पाणी सोडता येणार नाही, आणि समाजसेवक या नात्याने दुपारी तेच पाणी टँकरने पाठवायचे. कामाची एवढी स्वच्छ वाटणी आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

योजना नव्हत्या असं नाही. २०२१ साली केंद्राची ‘अमृत २.०’ आली. राज्याचं ‘नगरोत्थान’ त्याआधीपासून आहेच. प्रत्येक योजनेचं भूमिपूजन झालं, नारळ फुटले, खोबरं वाटलं गेलं. अमृत इतकं जपून वापरतात की अजून आमच्या नळापर्यंत पोचलेलं नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. भाऊही हळहळले. वर्तमानपत्रातला त्या गाडीचा फोटो ते बराच वेळ बघत बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, ‘काय लांबी आहे! आणि एकाही डब्यावर कुणाचं नाव नाही.’

विरोधी उमेदवारही कच्चे नाहीत, तेही समाजसेवकच आहेत. एकाची रुग्णवाहिका आहे, कारण नगरपरिषदेच्या दवाखान्याला कुलूप आहे. दुसऱ्याने स्वखर्चाने शीतशवपेटी ठेवली आहे आणि स्मशानात लाकडं पुरवतो, कारण तिथली शेड गेल्या पावसाळ्यात उडाली. तिसऱ्याची मोफत अभ्यासिका आहे, कारण नगर वाचनालयात आता वसुली विभाग बसतो. नगरपरिषदेचं एकेक खातं बंद पडत गेलं, तसतसा गावात एकेक समाजसेवक उदयाला आला. आज परिस्थिती अशी आहे की नगरपरिषद अचानक नीट चालू लागली, तर आमच्या गावाचं संपूर्ण राजकीय नेतृत्व एका रात्रीत बेकार होईल.

निवडून आल्यावर भाऊ करणार काय, हाही एक नाजूक विषय आहे. नगराध्यक्षाच्या वाट्याला गाडी येते, केबिन येतं, सभेचं अध्यक्षस्थान येतं. फायली आणि कर्मचारी मुख्याधिकाऱ्याच्या हाताखाली असतात, आणि मुख्याधिकारी सरकारने धाडलेला असतो. त्यात मतदाराला तीन मतं, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या उमेदवारांना. तिन्ही मतं एकाच पक्षाला देणं म्हणजे दोघांच्या पाहुणचारावर पाणी सोडणं, तेव्हा मतदार कुणालाच नाराज करत नाही. मग नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं असा संसार थाटला जातो. त्यात पाच वर्षं गेली तरी काम का झालं नाही याचं उत्तर दोघांनाही तयार मिळतं.

खर्चाचंही तसंच. आमची नगरपरिषद ‘ब’ वर्गातली, म्हणून नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला सव्वा अकरा लाखांची मर्यादा आहे. भाऊ मर्यादाशील आहेत. निवडणुकीचा खर्च ते मर्यादेतच दाखवतील. कारण जेवणावळींचा खर्च भाच्याच्या साखरपुड्यात गेला, साड्यांचा भाऊबिजेत गेला आणि मंडळांच्या वर्गण्या गणपतीतच चुकत्या झाल्या. शिवाय भाऊंची एक लाल डायरी आहे. कुणाच्या बापाच्या अंत्ययात्रेला कोणत्या तारखेला खांदा दिला, कुणाच्या पोरीच्या लग्नात किती खुर्च्या पाठवल्या, सगळं त्यात गल्लीवार नोंदलेलं आहे. प्रचारात ती डायरी कधी उघडत नाहीत. फक्त हातात धरून दारात उभे राहतात, आणि औक्षणाचं तबक घेऊन आलेल्या काकूंना सगळं आपोआप आठवतं.

आचारसंहिता लागली तेव्हा मात्र पंचाईत झाली. टँकरवरचं नाव आणि फोटो झाकायचा हुकूम आला. कार्यकर्त्यांनी फोटोवर पांढरा कागद चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून गावात कुठेही कोरा पांढरा कागद दिसला की लोक हात जोडू लागले.

हे सगळं वाचून भाऊंना हसू नका. हसायचं तर आरशापुढे जाऊन हसा. जलवाहिनीला तोंड नसतं. ती जमिनीखालून मुकाट येते, ‘ताई, पाणी मिळालं ना?’ असं विचारत नाही. तिच्याकडे वशिला लावता येत नाही, शेजारणीआधी आपली घागर भरून घेता येत नाही. टँकर आपल्याला ओळखतो. मालमत्ताकर भरून हक्काने पाणी मागायचं म्हणजे थकबाकी भरल्याची पावती दाखवावी लागते, टँकरपुढे फक्त ओळख दाखवावी लागते. मुख्याधिकारी बदलून जातो, तो आपल्या तेराव्याला येणार नाही. भाऊ येतील. आम्ही पंचवीस वर्षं सुविधा मागितलीच नाही, माणूस मागितला, आणि तो आम्हाला मिळाला.

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोपरा सभा झाली. भाऊंनी वचननामा वाचला: चोवीस तास पाणी, भूमिगत गटारं, नाट्यगृह, नदीकाठी उद्यान. लोक शेंगा खात ऐकत होते. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हरकतही घेतली नाही. इतक्यात मागून एक आजी काठी टेकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘ते चोवीस तासांचं राहू दे रे बाबा. तू मोठा साहेब झाल्यावर टँकर बंद तर नाही ना करणार?’

भाऊंचा गळा दाटून आला. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, ‘आजी, या भाऊच्या जिवात जीव आहे तोवर या गावातला टँकर बंद होणार नाही!’

शेंगा खाली पडल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी हलगी वाजवली. वचननाम्यातल्या बाकीच्या कलमांबद्दल गावात अजून मतभेद आहेत. पण हे एक वचन भाऊ अक्षरशः पाळतील, यावर विरोधी उमेदवारांचंसुद्धा एकमत आहे.