आभाळातला व्हॉल्व्ह

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

श्रीमान इलॉन मस्क साहेब यांस,


आधी आभार. रशियाच्या हल्ल्यानंतर २६ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनच्या मंत्र्याने जाहीर हाक दिली आणि काही तासांत तुम्ही त्या देशावर स्टारलिंक ही उपग्रहांवरून चालणारी इंटरनेट सेवा सुरू केलीत. टॉवर पडले, केबल तुटल्या, तरी माणसे एकमेकांशी बोलत राहिली. हे ऋण मोठे आहे.

म्हणूनच त्या वर्षीच्या सप्टेंबरबद्दल विचारताना संकोच वाटतो. युक्रेनचे सैन्य रशियाने घेतलेल्या खेरसोनकडे सरकत असताना तुम्ही तिथले कव्हरेज बंद करायला लावलेत, अशी बातमी रॉयटर्सने जुलै २०२५ मध्ये दिली. किमान शंभर डिश मुक्या झाल्या, ड्रोन आंधळे झाले, तोफांना नेम सापडेना, बेरिस्लाव गावाचा वेढा अर्धवट राहिला, असे तीत आहे. तुमच्या कंपनीने बातमी चुकीची म्हटली. काय चुकले ते सविस्तर सांगाल, तर उपकार होतील.

रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियाबाबत तुम्ही स्वतःच बोललात, त्याबद्दलही आभार. तिथल्या सेवास्तोपोल बंदरापर्यंत सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती तुम्ही नाकारलीत. युद्धकृत्यात भागीदार व्हायचे नव्हते, असे म्हणालात. पण साहेब, हो म्हणणे युद्धात उतरणे असेल, तर नाही म्हणणेही तेच. सिग्नल कुठपर्यंत पडावा ही रेघ सरहद्दीसारखीच असते. ती आखायला तुम्हाला कोणी निवडून दिले होते?

आमच्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. व्हॉल्व्ह कोणाच्या हातात, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. तो फिरला नाही, तर बायका हंडे घेऊन महापालिकेवर जातात. तुमच्याकडे हंडा घेऊन कुठे यायचे?

विचारायचे कारण, तुम्ही आता आमच्याच दारात आहात. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने तुमच्या कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे त्यात आहेत. गडचिरोलीतल्या भामरागडच्या शाळेत नेट पोहोचले, तर मला मनापासून आनंद होईल.

लढाईच्या काळात ठरावीक भागातली सेवा बंद करता आली पाहिजे, ही अट केंद्राने उपग्रह-सेवा कंपन्यांना मे २०२५ मध्येच घातली आहे. ते बटण सरकारने दाबले, तर जाब विचारायला विधानसभा आहे, संसद आहे, न्यायालय आहे. तुम्ही दाबलेत तर?

तेव्हा हात जोडून एवढीच विनंती: सरकारच्या लेखी आदेशाशिवाय कोणत्याही गावावरची सेवा तोडणार नाही, हे वाक्य करारात घाला, आणि तो करार मराठीतून आम्हाला वाचू द्या.

आपला,
हर्सूलचा एक नळधारक