हास्केल-साधक

तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव लाभलेली आणि १९९० साली जिचा पहिला अधिकृत आराखडा प्रसिद्ध झाला ती हास्केल ही ‘फंक्शनल’ भाषा आहे. म्हणजे तिच्यात संगणकाला एकामागून एक हुकूम सोडण्याऐवजी गणितातल्यासारखी फंक्शने एकमेकांत गुंफून उत्तर काढले जाते. ती शिकावयास घेणारा साधक बहुधा दुसऱ्या एखाद्या भाषेवर बरा पगार मिळवीत असतो आणि हास्केलकडे पोटासाठी नव्हे, तर चित्तशुद्धीसाठी वळलेला असतो. म्हणूनच कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या व्यवस्थेने, त्याला पहिल्याच संध्याकाळी अडवले की ते त्याला साहेबाच्या बोलण्याहून अधिक झोंबते.

अडवणुकीचे कारण क्षुल्लक असते. दशांश संख्यांच्या यादीची सरासरी काढण्यासाठी साधक बेरजेला लांबीने भागतो. परंतु लांबी हा ‘इंट’ प्रकारचा पूर्णांक असतो, बेरीज दुसऱ्या प्रकारची असते, आणि एका प्रकाराचे दुसऱ्यात परस्पर रूपांतर करणे हास्केलच्या बाण्यात बसत नाही. ‘फ्रॉमइंटिग्रल’ हे फंक्शन लांबीला लावले की काम भागते. साधक मात्र तोवर भाषेच्या तात्त्विक पायालाच तडा गेल्याचे जाहीर करून मोकळा झालेला असतो. पुढे तो एखादे फंक्शन अर्धवट भरून थेट छापावयास सांगतो, तेव्हा त्या फंक्शनला पुरेसे अर्ग्युमेंट, म्हणजे त्यात भरावयाची मूल्ये, दिले नसावेत, अशी शंका कंपायलर चक्क कंसात, म्हणजे चारचौघांत आवाज न चढवता, व्यक्त करतो. साधक कंसापर्यंत पोहोचतच नाही. एररची पहिली ओळ वाचून संतापणे आणि उरलेल्या ओळी न वाचता चिकटवून दुसऱ्याकडे पाठवणे, ही त्याची वाचनपद्धती असते.

पॅकेजांच्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार संचांच्या, बाबतीत त्याचा स्वभाव अधिक खुलतो. हॅकेज या सार्वजनिक भांडारातून पॅकेजे आणणाऱ्या ‘कबाल’ या साधनात पूर्वी सारी पॅकेजे एकाच सामाईक जागी बसत, आणि नव्याच्या आवृत्तीपायी जुनी मोडत. या अवस्थेला जाणकार ‘कबाल हेल’ म्हणत, आणि सगळे फोल्डर पुसून पुन्हा आरंभ करणे हाच तिच्यावरचा रूढ उतारा होता. २०१५ मध्ये एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे तपासलेले संच वापरणारे ‘स्टॅक’ आले, २०१९ च्या कबाल ३.० मध्ये प्रत्येक आवृत्ती वेगळी राखणारी पद्धत नेहमीची झाली, आणि नरक बराचसा ओसरला. साधक मात्र फोल्डर पुसण्याचे व्रत निष्ठेने पाळतो.

काही महिन्यांनी हाच साधक वडीलधारा होतो. एखादा नवखा ‘हिडन पॅकेज’ची तक्रार घेऊन येतो; पॅकेज संगणकावर असते, पण प्रकल्पाच्या फाइलीत अवलंबनांच्या यादीत त्याचे नाव नसते, एवढाच तिचा अर्थ असतो. वडीलधारा मोनाड या हास्केलमधल्या अमूर्त संकल्पनेपासून प्रारंभ करून कॅटेगरी थिअरी या गणितशाखेत शिरतो, आणि शेवटी फोल्डर पुसण्याचा सल्ला देतो. निराश झालेला नवखा एरर अखेरच्या ओळीपर्यंत वाचतो, तेथे कंपायलरने स्वतःच सुचवलेले पॅकेजचे नाव यादीत लिहितो, आणि प्रोग्राम चालू लागतो; त्याचे सारे श्रेय वडीलधारा निःसंकोचपणे कॅटेगरी थिअरीच्या खात्यावर जमा करतो.