मेथडसर

आमच्या शाळेत इंग्रजीला दोन शिक्षक आहेत. थोरले सर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा, चुकलं तर दहा वेळा लिहा. त्यांच्या अध्यापनशास्त्राला चौथं कलम नाही. धाकटे ते मेथडसर. हे नाव मुलांनी ठेवलं आणि बारशाला शिपाईमामांसकट सगळी शाळा हजर होती.

पंचेचाळिशीला आलेला माणूस गुडघ्यांची काळजी करतो, फार तर प्लॉट बघतो. मेथडसरांनी त्या वयात हैदराबादच्या इफ्लूचा दूरशिक्षणाचा अर्ज भरला. 1958 साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या नावानं सुरू झालेल्या त्या संस्थेत इंग्रजी कसं शिकवावं याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यानं पगार रुपयानंही वाढणार नाही, हे क्लार्कनं त्यांना आधीच सांगितलं होतं. तरी पुस्तकांचं पार्सल आलं आणि त्या दिवसापासून सातवी ब सावध झाली. कारण सर रात्री जे वाचत, ते सकाळी तिसऱ्या तासाला सातवी बवर येई.

पहिला आला जेम्स अ‍ॅशर. कॅलिफोर्नियातल्या या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, मूल आधी आज्ञा ऐकून हालचाल करतं, बोलतं नंतर. तेव्हा शिक्षकानं हुकूम सोडावेत आणि मुलांनी ते अंगानं पाळावेत. सर म्हणाले, ‘स्टँड अप.’ साठ मुलं उभी राहिली. ‘वॉक टू द डोअर.’ चालली. ‘ओपन द डोअर. गो आउट.’ मुलं इतकी मनापासून कधीच काही शिकली नव्हती. परत आत बोलावण्याची आज्ञा सरांनी दुसऱ्या दिवसाच्या पाठात ठेवली होती. नेमके त्याच वेळी विस्तार अधिकारी फाटकातून आत आले आणि सातवी ब त्यांच्या शेजारून बाहेर गेली.

मग कालेब गतेन्योची ‘सायलेंट वे’ आली. यात शिक्षकानं होता होईल तेवढं गप्प राहायचं आणि रंगीत कांड्या दाखवून मुलांना बोलतं करायचं. कांड्या विकत कुठून आणणार? सरांनी ज्वारीच्या धाटाचे तुकडे रंगवले. लाल तुकडा वर, निळा खाली, आणि सर एकदम गप्प. दहा मिनिटांत मुख्याध्यापक दारात.

‘सर, घसा बसलाय का?’

सरांनी मान हलवली आणि हिरवी कांडी उचलली.

‘मग एकादशीचं मौन आहे का?’

मुलं मात्र खरोखर बोलती झाली होती. फक्त मराठीतून.

बल्गेरियाच्या लोझानोव्हनं सांगितलं की ताण गेला की भाषा आत उतरते, म्हणून आरामशीर खुर्च्या द्या आणि संथ पाश्चात्त्य संगीत लावा. खुर्च्यांच्या जागी बाकं होती, संगीत सरांच्या मोबाइलवर होतं. पाठ जेवणाच्या सुट्टीनंतर घेतल्यामुळे ताण इतका गेला की मागच्या दोन रांगा घोरू लागल्या. पुढे स्टीफन क्रॅशननं भीतीचा पडदा मध्ये असला की भाषा आत शिरत नाही असं बजावलं. सरांनी छडी उचलून माळ्यावर टाकली. आठवड्याभरात एक पालक शेतातून थेट शाळेत. ‘सर, पोरगं तुम्हाला भ्यायचं बंद झालंय. आता शिकणार कसं?’

सगळ्यात मोठा घोळ पिट कॉर्डरनं केला. 1967च्या त्याच्या प्रसिद्ध लेखाचं सार असं की, विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याचा पुरावा असतो. मूल मनाशी नियम बांधत असतं आणि चुकीतून तो नियम दिसतो. एका मुलानं ‘ही गोड होम’ असं लिहिलं. थोरल्या सरांनी त्याला ‘वेंट’ दहा वेळा लिहायला लावलं असतं. मेथडसर वही घेऊन स्टाफरूममध्ये धावत आले. ‘पाहा! याला भूतकाळाचा नियम सापडलाय. तो फक्त जास्त ठिकाणी लावतोय!’ त्यांनी चुकांची वेगळी वही घातली. तीत नाव यावं म्हणून मुलांत चढाओढ लागली, आणि वर्गातली हुशार मुलगी रडत घरी गेली, कारण तिची एकही चूक सरांनी उतरवून घेतली नव्हती.

थोरले सर एवढंच म्हणाले, ‘बोर्डाचे पेपर तपासायला हा कॉर्डर येणार आहे का?’

घरीही कोर्स चालूच असे. शिक्षकाला उत्तर माहीत असलेले प्रश्न म्हणजे ‘डिस्प्ले क्वेश्चन’ आणि खरोखर माहिती हवी म्हणून विचारलेले ते ‘रेफरन्शियल’, हे सरांनी ज्या दिवशी वाचलं, त्या संध्याकाळी रिकामी पिशवी खुंटीला पाहून वहिनींनी विचारलं, ‘अहो, भाजी आणलीत का?’

‘हा डिस्प्ले क्वेश्चन झाला,’ सर म्हणाले. ‘उत्तर तुला ठाऊक आहे.’

‘मग उठा, चपला घाला, मंडईत जा,’ वहिनी म्हणाल्या. ‘हे त्या कॅलिफोर्नियावाल्याचं समजा.’

संपर्कवर्गासाठी सर हैदराबादला गेले आणि तिथे त्यांचं दुसरं रूप उघडं पडलं. मणिपूरपासून तमिळनाडूपर्यंतचे शिक्षक विद्यार्थी होऊन बसले होते, आणि विद्यार्थी म्हणून एकजात वाया गेलेले होते. जेवणानंतर डुलक्या, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं, स्वाध्यायाला मुदतवाढ मागताना घरी कुणीतरी आजारी. ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ यांत आघात कसा सरकतो ते टाळ्या वाजवून म्हणायचं होतं; सरांची टाळी दरवेळी एक अक्षर उशिरा पडायची. सातवी बमधल्या कुणीही हे पाहिलं असतं, तर सरांना मोठ्या मनानं माफ केलं असतं.

परत येताना ते एन. एस. प्रभू घेऊन आले. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये बंगलोर प्रोजेक्ट चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं देऊन कोडी सोडवायला लावली. डोकं अर्थामध्ये गुंतलं की भाषा मागून येते, असा तो विचार. आमच्या गावाला रेल्वे नाही. सरांनी एसटी स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून आणलं आणि विचारलं, दुपारी बारापर्यंत साताऱ्याला पोचायचं तर कोणती गाडी धराल?

शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा उठला. ‘सर, धिस बस नॉट कमिंग. माय फादर ड्रायव्हर.’

गाडी गेल्या दिवाळीपासून बंद होती. दुसऱ्यानं सांगितलं, ‘नो, संडे कमिंग!’ तिसरा दोघांवर ओरडला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सातवी ब तास संपेपर्यंत एसटी महामंडळावर भांडली. सरांनी त्यावर एवढा मोठा स्वाध्याय लिहिला की शब्दमर्यादा ओलांडल्याचे गुण गेले. ते गुण गेल्याचंही सर अभिमानानं सांगतात.

आणि मग याच प्रभूंचा 1990चा लेख त्यांच्या हाती आला. त्याचं शीर्षकच सांगतं की सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच, आणि वर विचारतं, का? शिकवणाऱ्याला स्वतःच्या अनुभवातून जे मनापासून पटलंय, ते जिवंत राहिलं तरच तास जिवंत राहतो, असा त्या लेखाचा रोख.

‘हे कळायला हैदराबाद?’ थोरल्या सरांनी पान पलटलं. ‘हे तर मी बिनफीचं सांगितलं असतं.’

‘तुम्ही “नसतेच” एवढंच सांगितलं असतं,’ मेथडसर म्हणाले. ‘“का?” राहिलंच असतं.’

त्या ‘का’साठी त्यांनी आता पुढच्या डिप्लोमाचा अर्ज भरला आहे. बातमी फुटली तेव्हा ड्रायव्हरचा मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. ‘सर, नेक्स्ट इयर व्हॉट यू विल डू टू अस?’

सरांनी चुकांची वही काढली आणि नोंद केली : ‘प्रश्न रेफरन्शियल. क्रियापदाची जागा चुकली. भीतीचा पडदा नाही.’