गाडी सध्या गॅरेजात आहे

पुण्यातल्या एका सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांच्या दारावर आडनावाची पितळी पाटी आहे, पण तिचा उपयोग फक्त कुरिअरवाल्याला. बाकी सगळे त्यांना जीपवाले म्हणतात. गंमत अशी, की त्यांची जीप सोसायटीत फारशी कुणी पाहिलेली नाही. पार्किंगमध्ये तिच्या हक्काच्या जागेवर तेलाचा एक काळा डाग आहे, एवढाच काय तो पुरावा. "गाडी दिसत नाही?" असं कुणी विचारलं, की ते म्हणतात, "सध्या गॅरेजात आहे." बाकीचे रहिवासी ज्या सुरात "मुलगा सध्या अमेरिकेत असतो" म्हणतात, अगदी त्याच सुरात.

गाडी महिंद्राची सीजे-५००डी. एका सरकारी खात्याच्या लिलावातून घेतलेली. जीपवाल्यांनी मोठ्या उत्साहानं तिचा रंग खरवडायला घेतला, तेव्हा पांढऱ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली खाकी निघाला आणि काही ठिकाणी खाकीच्या खाली थेट पलीकडची भिंत दिसली. पत्रा केव्हाच गेला होता. इतकी वर्षं नुसता रंगच उभा होता. दुसरा एखादा माणूस हे पाहून खचला असता. जीपवाले मात्र म्हणाले, "बघा, चेहरा अजून ओरिजिनल आहे!"

या चेहऱ्याची कुळकथा ते कुणालाही, न विचारता, सांगतात. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपत आल्यावर जीपला गिऱ्हाईक कुठून आणायचं, म्हणून विलीजनं १९४५ साली सीजे-२ए हे मुलकी मॉडेल काढलं आणि ते चक्क शेतकऱ्यांना विकायला घेतलं. मागच्या बाजूला पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा दांडा, लावायचा, त्यावर पट्टा चढवायचा आणि करवत चालवायची, मळणी करायची. बाजाराच्या दिवशी त्याच गाडीतून बाजारालाही जायचं. आपल्याकडे मुंबईत १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हा कंपनीचं नाव महिंद्र अँड मोहम्मद असं होतं. यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. "आणि इथं आपण अजून हिचा क्लच जोडतोय," असं म्हणून जीपवाले एक उसासा सोडतात. त्यात दुःख किती आणि अभिमान किती, हे प्रस्तुत लेखकाला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढं १९५३ साली विलीजनं सीजे-३बी आणली. तिचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. तेव्हा इंजिन बुटकं करण्यापेक्षा बॉनेटच उंच केलं, झालं काम. आपल्याकडच्या जीपांचं ते उंच, चौकोनी कपाळ आलं ते तिथून, आणि महिंद्रांनी ते पुढं कित्येक वर्षं जपलं. पण हरिकेन पेट्रोल प्यायचं. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर महिंद्रांनी ट्रॅक्टरची कंपनी काढलेली होती. त्या कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं, सुमारे २,३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. म्हणजे लष्करात जन्मलेली अमेरिकन गाडी, तिच्या पोटात शेतावरचं इंजिन, आणि ती चालवणार सदाशिव पेठेत वाढलेले बँक अधिकारी. या गाडीकडून वेगाची अपेक्षा कधी कुणी ठेवलीच नव्हती, आणि ठेवूही नये.

गाडीचे खरे पालक म्हणजे नाना पेठेतल्या एका बोळातले मिस्त्री. संगणक लावून दोष शोधण्याची सोय या जीपमध्ये नाही, कारण जोडायला वायरच नाही. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि बऱ्याच वेळानं म्हणतात, "तीन नंबर." तीन नंबरचं काय, हे विचारायची पद्धत नाही. मोजमापाच्या बाबतीत ते 'सूत' मानतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि मिस्त्रींच्या विश्वात कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूत बसते, फक्त एक-दोन सुतांचा फरक असतो, आणि तो घासून काढता येतो.

खरा घोळ पान्यांचा. मूळ अमेरिकन वंशामुळे गाडीचे नटबोल्ट इंचातले. मधल्या काळातल्या मेकॅनिकांनी हाताला लागतील ते मिलिमीटरचे बोल्ट घातले. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना लागतो, पण नीट लागत नाही, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. उरलेल्या ०.३ मिलिमीटरमध्ये पाना सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि बोटांची सालं निघतात. जीपवाल्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर कायम पट्ट्या असतात. बँकेत चाळीस वर्षं नोटा मोजून ज्या हाताला काही झालं नाही, त्या हाताची ही अवस्था बघून वहिनींनी एकदा विचारलं, "अहो, एवढ्या पैशात नवीन गाडी आली असती ना?" जीपवाले म्हणाले, "नवीन गाडी बिघडली तर रस्त्यात दुरुस्त होत नाही." वहिनी म्हणाल्या, "ही रस्त्यात दुरुस्त होते, कारण ती रस्त्यातच बिघडते." यावर जीपवाल्यांनी पट्टी बदलली.

पण नुसत्या दुरुस्तीवर भागलं असतं तर हा लेख इथंच संपला असता. जीपवाल्यांना 'मॉडिफिकेशन' करायचं होतं. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली हे गाव उघड्या जीपा सजवून-वाढवून देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तिथल्या जीपांचे फोटो पाहिल्यापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: मोठे टायर.

मोठे टायर आले. वळण घेताना ते मडगार्डला घासायला लागले. म्हणून गाडी उचलायची ठरली. जुन्या जीपचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते काढून ॲक्सलच्या वर बसवले, की गाडी एका फटक्यात चांगली उंच होते. झाली. पण इंजिन वर गेलं आणि ॲक्सल होता तिथंच राहिला, त्यामुळे मधल्या प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरपा झाला आणि त्याचे क्रॉस खडखडायला लागले. स्टिअरिंगचा रॉडही तिरपा झाला, त्यामुळे एका चाकाखाली खड्डा आला की गाडी चालकाला न विचारता डावीकडं वळायला लागली. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, त्यामुळे मीटर कमी वेग दाखवायला लागला. इंजिनाला तेच टायर फिरवताना धाप लागायला लागली, आणि चारही ड्रम ब्रेक ते थांबवताना विचारात पडायला लागले. प्रत्येक गोष्टीवर इलाज होता, आणि प्रत्येक इलाज करून झाल्यावर मिस्त्री म्हणायचे, "आता फक्त एक राहिलं."

यात कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत आरसीवरच्या आणि कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. पुढचे लोखंडी बंपर गार्ड तर २०१७ च्या अखेरीलाच केंद्रानं निषिद्ध ठरवले. वर १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. त्यामुळे पासिंगची तारीख जवळ आली, की नाना पेठेत उलटी गंगा वाहते. मोठे टायर उतरतात, पाटे खाली जातात, गार्ड माळ्यावर जातो आणि गाडी तिच्या जन्माच्या वेळी जशी होती तशी, लाजरीबुजरी, आरटीओच्या दारात उभी राहते. तपासणाऱ्या साहेबांनी एकदा कौतुकानं म्हटलं, "छान ठेवलीय हो." जीपवाल्यांना त्या रात्री झोप लागली नाही. कौतुक झालं होतं ते जीपचं, पण त्यांच्या जीपचं नव्हे.

मग येतो पावसाळा. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात आली, आणि ज्या गोष्टीला आपल्याकडे 'गाडी फसणे' म्हणत तिला खेळाची प्रतिष्ठा मिळाली. जीपवाले स्पर्धेत उतरत नाहीत. ते मित्रांबरोबर मुळशीकडच्या एका माळावर जातात. एका फेरीला प्रस्तुत लेखक शेजारच्या सीटवर होता. मागं मिस्त्री, त्यांची पेटी आणि वहिनींनी दिलेला पोह्यांचा डबा.

चिखलाच्या तोंडाशी जीपवाल्यांनी टायरमधली हवा ३० वरून १६ पर्यंत उतरवली. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त जागेवर धरतो. मग त्यांनी खालच्या दोन लिव्हरांपैकी एक पुढं ढकलली, दुसरी मागं ओढली. गिअरबॉक्समधून "कर्रर्र" आवाज आला. "लो लागला," ते समाधानानं म्हणाले. लेखकाला सूचना झाली: "मी स्टिअरिंग कसं धरतो बघा. अंगठे बाहेर. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि आत असलेला अंगठा मोडतं." एकूण हा छंद अंगठा वाचवता वाचवता पुढं जातो.

गाडी उतारावर छान गेली. ओढ्यातही छान गेली. पलीकडच्या चढावर डावीकडचं पुढचं चाक उचललं गेलं आणि उजवीकडचं मागचंही. गाडी थांबली; हवेतली दोन चाकं मात्र जोरात फिरत राहिली. याचं कारण डिफरन्शियल. तो बिचारा दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, मिळतो. फोर व्हील ड्राइव्हचा अर्थ प्रस्तुत लेखकाला त्या दिवशी नीट कळला: चार चाकांची ताकद एका वेळी दोन चाकांना मिळते, आणि ती दोन चाकं हवेत असतात.

मिस्त्री खाली उतरले आणि सवयीनं मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट किंचित सैल करून बघितला. दुधी रंगाचं तेल ओघळलं. गरम झालेलं हौजिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. "सील," मिस्त्री म्हणाले. जीपवाल्यांनी खिशातली छोटी वही काढून त्यात 'सील' लिहिलं. वहीत त्या शब्दाच्या वरही काही ओळी होत्या. त्यातल्या तीन 'सील'च्याच होत्या.

दोर लावून बघितला, मित्रांच्या गाड्यांनी ओढून बघितलं. त्या गाड्याही जीपवाल्यांच्याच पंथातल्या असल्यामुळे त्यातली एक शेजारी येऊन फसली. शेवटी पोह्यांचा डबा उघडला. तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. जुना, लाल, बी-२७५. त्यांनी साखळी लावली, पहिला गिअर टाकला आणि पहिल्या हिसक्यात जीप वर काढली. कुणी काही बोलेना.

शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर बंद केला नव्हता. जीपही चालू होती. दोघांचा आवाज एकमेकांत मिसळत होता. शेतकरी थबकले, जीपजवळ आले, बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिले.

"अहो, हे तर आमचंच इंजिन."

"हो ना!" जीपवाले उजळले. १९६३ पासून सगळी कुळकथा सांगण्याची अशी संधी त्यांना मुळशीत मिळेल असं वाटलं नव्हतं. शेतकऱ्यांनी ती सगळी शांतपणे ऐकून घेतली. मग जीपच्या मागं जाऊन वाकून बघितलं.

"मग नांगर कुठं लावता?"

जीपवाले क्षणभर गप्प राहिले. आता काढता पाय घ्यावा, असं प्रस्तुत लेखकाला वाटलं. पण जीपवाल्यांच्या डोळ्यांसमोर १९४५ ची सीजे-२ए उभी राहिली असावी, कारण त्यांनी वळून विचारलं, "मिस्त्री, हिला पीटीओ बसेल का हो?"

मिस्त्री आधीच गाडीखाली सरकले होते. ट्रान्सफर केसच्या मागं त्यांनी बोटांनी माप घेतलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

"बसेल की," गाडीखालून आवाज आला. "फक्त चासी दोन सूत कापावी लागेल."